हिंसेवर तास घेताय? वर्गाला हादरवण्याआधी या चुका टाळा

आठवी-नववीच्या वर्गात लैंगिक अत्याचार, जातीय हत्याकांड किंवा घरातली मारहाण यावर बोलायचं ठरलं की अनेक शिक्षकांच्या मनात एकच येतं, ‘असं काही दाखवू की पोरं जन्मभर विसरणार नाहीत.’ हेतू चांगलाच असतो. मुलं मोबाइलवर रोज मारामाऱ्या बघतात, त्यांना कशाचंच काही वाटत नाही, मग धक्का दिल्याशिवाय ती जागी कशी होणार, असा त्यामागचा हिशेब. माझ्या मते हा हिशेब चुकीचा आहे. त्याची किंमत बहुतेक वेळा हिंसा आधीच सोसलेल्या मुलाला मोजावी लागते.

याचा अर्थ गप्प बसावं असा मुळीच नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतला लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचा प्रकार उघड झाला, तेव्हा मोठी माणसं विषय टाळत होती आणि मुलं मधल्या सुट्टीत त्यावरच बोलत होती. बोलायला हवंच. कसं बोलतो, यावर सगळं अवलंबून आहे.

घाबरवलं की मूल सुधारतं, हे गृहीत धरू नका

अमेरिकेत न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात १९७० च्या दशकात एक उपक्रम सुरू झाला. वाट चुकलेल्या मुलांना जन्मठेपेच्या कैद्यांसमोर उभं करायचं, कैद्यांनी अंगावर ओरडून तुरुंगातलं जगणं सांगायचं. १९७८ मध्ये त्यावर माहितीपट आला आणि कल्पना देशभर पसरली. पुढे संशोधकांनी अशा उपक्रमांच्या नियंत्रित चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा उलटंच दिसलं. उपक्रमातून गेलेली मुलं न गेलेल्या मुलांपेक्षा जास्त गुन्हे करत होती.

नुसती भीती घातली आणि पुढे काय करायचं ते सांगितलं नाही, तर मूल स्वतःला वाचवण्यासाठी मन बंद करतं किंवा थट्टेवर नेतं. गंभीर व्हिडिओ चालू असताना मागच्या बाकांवरून हसू येतं ना, ते पुष्कळदा यामुळेच. त्याला निर्ढावलेपणा समजून त्या मुलांना उभं करू नका.

मुलांना न सांगता नाटक घडवू नका

तोंड बांधलेला माणूस अचानक वर्गात घुसवायचा, आरडाओरडा होऊ द्यायचा आणि मग ‘हे खोटं होतं, आता चर्चा करू’ म्हणायचं, हा प्रकार काहींना फार परिणामकारक वाटतो. पण धडधड थांबलेली नसताना मूल विचार करू शकत नाही. त्याच्या लक्षात एवढंच राहतं की सरांनी आपल्याला फसवलं. आणि उद्या खरोखर काही घडलं तर त्यानं सरांकडेच यावं, अशी आपली अपेक्षा असते.

याची दोन उदाहरणं शिक्षकांच्या प्रशिक्षणात अजूनही कौतुकानं सांगितली जातात. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर, एप्रिल १९६८ मध्ये, आयोवातल्या राइसव्हिल गावात जेन एलियट या शिक्षिकेनं वर्णभेद समजावा म्हणून तिसरीच्या मुलांची डोळ्यांच्या रंगावरून विभागणी केली. एका गटाला श्रेष्ठ ठरवलं आणि नंतर भूमिका उलटवल्या. त्याआधी १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथं रॉन जोन्स या इतिहासाच्या शिक्षकानं नाझी जर्मनी समजावण्यासाठी वर्गातच शिस्तीची चळवळ उभी केली. ती काही दिवसांतच हाताबाहेर जायला लागली. एलियट यांच्या काही विद्यार्थ्यांनी मोठेपणी त्या अनुभवाबद्दल कृतज्ञता व्यक्त केली, हे मान्य. तरीही आठ-नऊ वर्षांच्या मुलाला न विचारता अपमानाच्या जागी बसवण्याचा अधिकार शिक्षकाला कुणी दिला, हा प्रश्न मला सुटत नाही. आपल्याकडे जातीवरून असा ‘खेळ’ घ्यायचा विचार कुणाच्या मनात असेल, तर तो तिथंच सोडा. ज्या मुलाला बाहेर हे रोज सोसावं लागतं, त्याला वर्गातही तेच वाट्याला येईल.

मृतदेहांचे फोटो दाखवू नका

खैरलांजीचंच घ्या. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या या गावात भोतमांगे या बौद्ध दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. वर्गात फोटो लावले की मुलं फोटोच बघतात. चर्चा ‘किती भयंकर!’ इथं अडते आणि काही नजरा बौद्ध मुलांकडे वळतात. फोटो नसेल तर प्रश्नांना जागा मिळते. जमिनीचा वाद काय होता? बघणाऱ्या गावकऱ्यांनी काय केलं? सत्र न्यायालयानं २००८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयानं २०१० मध्ये ती जन्मठेपेत बदलली, पण अॅट्रॉसिटी कायदा या प्रकरणात का टिकला नाही? यावर नववीचा वर्ग पूर्ण तास बोलू शकतो.

वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा नरसंहार) संग्रहालयात सर्वांत भीषण चित्रफिती आडभिंतींमागे ठेवल्या आहेत. बघायचं की नाही, हे माणसानं स्वतः ठरवायचं आणि लहान मुलांच्या नजरेस ते सहज पडू नये, म्हणून ही सोय. प्रोजेक्टरवर लावलेल्या चित्रापासून वर्गातल्या मुलाला अशी सुटका नसते.

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या व्हिडिओबाबत तर कायदाच आड येतो. बालकाच्या लैंगिक शोषणाचा व्हिडिओ ‘जागृतीसाठी’ पुढे पाठवणंसुद्धा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे. तसा व्हिडिओ आलाच तर शिक्षकांच्या ग्रुपवर टाकू नका, थेट पोलिसांना कळवा. पीडित मुलाचं नाव, शाळा, गाव वर्गात उघड करणंही टाळा.

‘डोळे मिटा आणि कल्पना करा’ नको

साधी वाटणारी ही कृती मला सर्वांत धोकादायक वाटते. ‘समजा, तुमच्याच घरात असं घडलं तर…’ असं म्हणताना एखाद्या मुलाच्या घरात ते काल रात्रीच घडलेलं असू शकतं. त्याला कल्पना करावी लागत नाही.

असं मूल रडतंच असं नाही. ते कंपासच्या टोकानं बाकावर एकच रेघ गिरवत राहतं, पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारतं आणि लवकर परत येत नाही, नाहीतर नेमकं त्याच दिवशी दंगा करतं. बोलता बोलता वर्गावर नजर फिरवत राहा. विषय आदल्या दिवशी सांगून ठेवा, आणि ज्याला बसायचं नसेल त्याला कारण न विचारता वाचनालयात जायची मुभा द्या. चर्चा नेहमी तिसऱ्या व्यक्तीबद्दल ठेवा, म्हणजे ‘तुझ्याबाबतीत असं झालं तर?’ न विचारता ‘गोष्टीतल्या मुलीनं कुणाला सांगावं?’ असं विचारा. असा तास शेवटचा ठेवू नका, नाहीतर मूल तसंच घरी जातं.

तास बिघडलाच तर

एखादं मूल घाबरलं, रडू लागलं, तर व्हिडिओ बंद करा, दिवे लावा, ‘इथंच थांबू’ म्हणा. सगळ्यांसमोर त्याला ‘काय झालं?’ विचारू नका. त्याचा विश्वास असलेल्या बाईंना किंवा समुपदेशकांना त्याच्यासोबत पाठवा. उरलेल्या वर्गाला जे दाखवलं ते का थांबवलं, हे दोन वाक्यांत सांगा.

नंतर ते मूल तुमच्यापाशी येऊन काही सांगू लागलं, तर ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा. ‘तुला सुरक्षित ठेवायला मला आणखी एक-दोघांची मदत घ्यावी लागेल’ असं सांगा. खोदून खोदून तपशील विचारू नका, ते काम प्रशिक्षित माणसांचं. मुलानं जे शब्द वापरले तेच तारीख-वेळ घालून लिहून ठेवा, मुख्याध्यापकांना सांगा आणि त्याच दिवशी पोलीस ठाण्यात कळवा, १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीचीही मदत घ्या. शाळेची बदनामी होईल म्हणून कुणी ‘आधी पालकांशी बोलून मिटवू’ म्हणालं, तरी थांबू नका. कळवण्याची जबाबदारी तुमच्यावरही आहे.