ओओपी (ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग) शिकताना शब्दांची सरमिसळ: या चुका टाळा

"हा ऑब्जेक्ट मी वेगळ्या फाइलमध्ये लिहिलाय" असं कुणी म्हटलं की मी तिथेच थांबवतो, कारण फाइलमध्ये लिहिलेला असतो क्लास म्हणजे साचा, आणि त्यावरून ऑब्जेक्ट तयार होतो प्रोग्राम चालू झाल्यावर मेमरीत. बरेच जण म्हणतात काय फरक पडतो, कळलं ना काय म्हणायचंय ते. फरक पडतो, आणि तो नेमका बग आल्यावर पडतो.

पायथनमधली नेहमीची तक्रार घ्या. कार्ट नावाचा क्लास आहे, त्यात आयटम्सची रिकामी लिस्ट थेट क्लासच्या आत लिहिलीय, इनिटच्या (ऑब्जेक्ट बनताना चालणारी मेथड, म्हणजे क्लासमधलं फंक्शन) बाहेर. मग दोन कार्ट बनवले, पहिल्यात एक वस्तू टाकली तर ती दुसऱ्यातही दिसते, आणि माणूस तासभर "लिस्ट आपोआप बदलते" असं सर्च करत बसतो. लिस्ट आपोआप वगैरे काही बदलत नाही, ती क्लास ॲट्रिब्यूट आहे म्हणजे सगळ्या इन्स्टन्सना (त्या क्लासच्या ऑब्जेक्टना) मिळून एकच आहे, तुम्हाला हवी होती इन्स्टन्स ॲट्रिब्यूट, म्हणजे इनिटमध्ये सेल्फ (तो ऑब्जेक्ट स्वतः) लावून बनवलेली. हे दोन शब्द माहीत असते तर पहिल्याच सर्चला उत्तर मिळालं असतं. त्यात गंमत अशी की लिस्टच्या जागी आकडा असेल आणि सेल्फ लावून त्यात एक मिळवला तर त्या इन्स्टन्सची स्वतःची वेगळी ॲट्रिब्यूट तयार होते, त्यामुळे तिथे सगळं बरोबर चालल्यासारखं वाटतं आणि गोंधळ अजून वाढतो.

दुसरी जोडी ओव्हरलोडिंग आणि ओव्हरराइडिंग. मेथडचं नाव तेच पण पॅरामीटर (तिला दिली जाणारी माहिती) वेगळे, ते ओव्हरलोडिंग, आणि पॅरेंट क्लासची मेथड त्याच पॅरामीटरसकट त्याच्यावरून बनवलेल्या चाइल्ड क्लासमध्ये पुन्हा लिहिली की ओव्हरराइडिंग. जावात स्टुडंट क्लाससाठी इक्वल्स (दोन ऑब्जेक्ट सारखे आहेत का ते सांगणारी मेथड) लिहिताना पॅरामीटरचा टाइप ऑब्जेक्ट (जावातला सगळ्यांचा मूळ क्लास) ठेवायच्या ऐवजी स्टुडंट ठेवला की झालं ओव्हरलोडिंग, कंपायलर गप्प, आणि हॅशसेटमध्ये (डुप्लिकेट न ठेवणारा संग्रह) तोच स्टुडंट दोनदा जातो कारण हॅशसेट ऑब्जेक्टवाली इक्वल्सच बोलावतो. मेथडच्या वर ॲट ओव्हरराइड लिहायची सवय लावा, जावा ५ पासून म्हणजे २००४ पासून ती सोय आहे, मग असली चूक कंपाइल करतानाच पकडली जाते. आणि हो, हॅशकोडही (हॅशसेट आधी ज्या आकड्यावरून शोधतो तो देणारी मेथड) सोबत लिहायचा, नाहीतर इक्वल्स बरोबर असूनही डुप्लिकेट येतीलच.

फील्ड आणि प्रॉपर्टी हे शब्द जावावाले बोलताना सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात आणि तिथे फारसं बिघडत नाही, पण सी शार्पमध्ये आलात की ती सवय सोडा. तिथे फील्ड म्हणजे नुसता व्हेरिएबल आणि प्रॉपर्टी म्हणजे गेट-सेटवाली, वाचताना गेट आणि बदलताना सेट चालणारी. डॉटनेटचा सिस्टिम डॉट टेक्स्ट डॉट जेसन (ऑब्जेक्टचा डेटा जेसन मजकुरात लिहून देणारा) डीफॉल्टला पब्लिक प्रॉपर्टीच घेतो, फील्ड सोडून देतो, त्यामुळे सगळा डेटा पब्लिक फील्डमध्ये ठेवला असेल तर आउटपुटला नुसते रिकामे महिरपी कंस येतात आणि एररही येत नाही.

भाषा बदलली की शब्दही बदलतात हे खरंय. सी प्लस प्लसवाले मेंबर फंक्शन आणि बेस क्लास म्हणतात, जावावाले मेथड आणि सुपरक्लास. ज्या भाषेत काम करताय तिचे शब्द धरा आणि एकाच डॉक्युमेंटमध्ये बेस, पॅरेंट, सुपर असे तिन्ही फिरवू नका, नवीन वाचणाऱ्याला वाटतं हे तीन वेगळे क्लास आहेत.

कोडमधल्या नावांचंही तेच. एका प्रोजेक्टमध्ये रिमूव्ह आणि डिलीट दोन्ही मेथड होत्या, एक फक्त लिस्टमधून काढायची आणि दुसरी डेटाबेसमधून कायमचं उडवायची, आणि मी चुकीची बोलावली. टेस्ट डेटा होता म्हणून निभावलं. त्यानंतर आम्ही रीडमीत (प्रोजेक्टची माहिती असलेली फाइल) चार ओळी लिहिल्या, रिमूव्ह म्हणजे मेमरीतून, डिलीट म्हणजे डेटाबेसमधून, गेट म्हणजे जवळ आहे ते, फेच म्हणजे नेटवर्कवरून आणायचं, आणि आता रिव्ह्यूत कुणी तिसरंच क्रियापद आणलं की आधी त्या चार ओळींत बसतंय का ते बघतो.