नोड्स हळूहळू झोपत होते

इंदूरला एम.टेक.चं काम करताना एओडीव्हीचं, म्हणजे फिरत्या वायरलेस उपकरणांमध्ये (नोड्समध्ये) गरजेप्रमाणे संदेशाचा मार्ग शोधणाऱ्या पद्धतीचं, सिम्युलेशन चालवत होतो. गंमत अशी, की रन जितका लांब, तितके मार्ग कमी तुटायचे. मी खूश! दोन दिवस सगळ्यांना ग्राफ दाखवत हिंडलो.

मग सराफ्यात उलगडा झाला. रात्री खाऊगल्लीत शिरलं, की चपळ माणूस क्षणात पार होतो; रेंगाळणारा मात्र तिथेच दिसत राहतो. कधीही बघा, डोळ्यांसमोर संथच जास्त. माझ्या रँडम वेपॉइंटमध्ये, म्हणजे प्रत्येक नोड कुठलंही ठिकाण आणि कुठलाही वेग निवडून तिकडे जातो त्या मॉडेलमध्ये, हेच चाललं होतं. १९९६पासून वापरात असलेलं हे मॉडेल, आणि मी किमान वेग ठेवलेला शून्य. ज्या नोडला जवळजवळ शून्य वेग मिळाला, तो लांबच्या ठिकाणाकडे रांगतच राहायचा. म्हणजे राउटिंग सुधारलंच नव्हतं, नोड्स थंडावत होते. २००३मध्येच हा दोष दाखवून झालेला. वाचायचा आळस माझा.

वेग १ ते १९ मीटर प्रतिसेकंद केला. सरासरी १० येईल असं वाटतं ना? ती स्थिरावते ६.१च्या आसपास, कारण संथ फेऱ्यांना वेळ जास्त लागतो. म्हणून सुरुवातीची १००० सेकंदं मोजणीतून वगळली.

शिवाय सिम्युलेशनमध्ये इंदूरच्या राजवाडा ते खजुरी बाजार रस्त्यांची जाळी घातली. कोपरा वळला, भिंत आड आली, की दोन नोड्समधली लिंक खलास. मार्ग आता भराभर तुटतात. ग्राफ कुरूप झालाय. सरांनी मात्र पहिल्यांदाच सही केली.