टाकीचं पाणी सांगणारा काटा

बाबांना मोबाइलवरचे आकडे चष्म्याशिवाय दिसत नाहीत, पण भिंतीवरचा काटा कुठवर आलाय ते खुर्चीतूनही कळतं. म्हणून गच्चीवरच्या टाकीची पातळी दाखवायला मी जुना काट्याचा मीटर आर्डुइनो उनोला, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाला, जोडला. टाकीतल्या सेन्सरबद्दल इथे लिहीत नाही, फक्त काट्याबद्दल सांगते.

मीटर पुण्याच्या जुन्या बाजारातला, १ मिलिअँपचा, म्हणजे तेवढ्या विजेला काटा शेवटच्या रेघेवर येतो. घेताना डायलवरच्या रेघा बघा. समान अंतरावर असतील तर मूव्हिंग कॉइल, म्हणजे चुंबकात फिरणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा; सुरुवातीला दाटीवाटीने असतील तर बहुधा मूव्हिंग आयर्न, म्हणजे फिरणाऱ्या लोखंडी तुकड्याचा, तो नको. मग मीटर हातात धरून थोडा झटकन फिरवा, काटा डुलेल. आता दोन्ही टर्मिनल तारेच्या तुकड्याने जोडून पुन्हा फिरवा. काटा जड, सुस्त झाला तर कॉइल शाबूत आहे: चुंबकात हलताना तिच्यात वीज तयार होते आणि तीच तिला अडवते. तार तशीच राहू द्या, म्हणजे रिक्षात काटा आपटत नाही.

घरी आल्यावर कॉइलचे ओहम जुन्या काट्याच्या मल्टिमीटरने मोजू नका. लहान रेंजवर तो बरेच मिलिअँप सोडतो. माझ्या पहिल्या मीटरचा काटा असाच शेवटच्या खुंटीवर आपटून वाकला, आणि तो सरळ करताना तुटला.

मोजायची गरजही नाही. ५ व्होल्टला १ मिलिअँप हवा, म्हणजे एकूण ५ किलोओहम. पिन ९ पासून ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, त्यापुढे ५०० ओहमचा प्रीसेट (स्क्रू फिरवून ओहम कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर), मग मीटर, मग ग्राउंड. मीटर भिंतीवर असेल तसा उभा धरून आधी पुढच्या स्क्रूने काटा शून्यावर आणा. प्रीसेट पूर्ण ओहमवर ठेवा, प्रोग्रॅममधून पिनला २५५, म्हणजे सर्वांत मोठा आकडा, द्या आणि काटा शेवटच्या रेघेवर येईपर्यंत प्रीसेट हळूहळू कमी करा. हे मनापासून करा. पुढे प्रोग्रॅम अडकून पिन चालूच राहिली तरी काट्याला इजा होत नाही. चार्जर बदललात तर व्होल्टेज थोडं बदलतं, तेव्हा प्रीसेट पुन्हा लावा.

आकडा लहान असला की पिन भराभर चालू-बंद होते; या पिनवरचे असे पल्स सेकंदाला सुमारे ४९० असतात. काटा इतक्या वेगाने हलू शकत नाही, तो सरासरीवर थांबतो. पल्स सपाट करायला कपॅसिटर लागत नाही. मात्र आकडा एकदम बदलू नका. दर १५ मिलिसेकंदाला एक पायरी दिली की शून्यापासून शेवटपर्यंत काटा चारेक सेकंदांत चढतो. बाबा तो चढताना बघत बसतात.

पाव, अर्धी, पाऊण टाकीच्या खुणा गणिताने काढू नका. ६४, १२८, १९१ देऊन काटा जिथे थांबेल तिथे नव्या कागदी डायलवर पेन्सिलने रेघ मारा. एकदा खालून आणि एकदा वरून आणून बघा, दोन्हींच्या मधोमध खूण करा. डायल बदलताना खाली स्वच्छ कागद पसरा. चुंबकाच्या फटीत लोखंडाचा एक कण गेला तरी काटा अडकतो.

प्लॅस्टिकची काच कोरड्या फडक्याने पुसली तरी तो अडकल्यासारखा होतो, कारण काचेवर विद्युतभार साठतो. भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून, घट्ट पिळून पुसा.