भजनाची लय का पळते, आणि कशी धरावी

वारकरी भजनात श्रोता नसतो, बसलेल्या प्रत्येकाने म्हणायचं असतं. म्हणून पट्टी, म्हणजे गाण्याच्या सुराची उंची, बुवांच्या (मुख्य गायकाच्या) गळ्यावरून ठरवू नये. त्या दिवशीचा जो अभंग सर्वांत उंच जातो, तो आधी सगळ्यांकडून म्हणून घ्यावा. वरच्या षड्जाला (वरच्या ‘सा’ला) मागची मंडळी गप्प झाली की पट्टी उतरवायची, मग बुवांना जरा खर्जात गावं लागलं तरी चालेल.

सुरुवात ‘जय जय रामकृष्ण हरी’ने, मग रूपाचे अभंग, मग नामाचे आणि संतपर, पुढे गौळण, शेवटी पसायदान आणि आरती.

चाल लावण्याआधी अक्षरं मोजावीत. मोठ्या अभंगाच्या कडव्यात 6, 6, 6, 4 अशी अक्षरं असतात. ‘सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनियां’ हे बोटांवर मोजून बघा. शेवटच्या तुकड्यात अक्षरं चारच, पण चालीत जागा बहुधा आधीच्या तुकड्यांएवढीच असते. ती ‘यां’ लांबवून भरायची. नवी मंडळी ‘यां’ मध्येच तोडतात आणि ध्रुपदावर, म्हणजे पुन्हा पुन्हा म्हणायच्या कडव्यावर, अर्धी मात्रा (तालाचा ठोका) आधी पडतात. दर कडव्याला असं झालं की लय पळते, आणि बोलणी पखवाजवाल्याला बसतात! उपाय एकच: टाळ-पखवाज बंद ठेवून, हाताने 8 मात्रा मोजत, नुसतं शेवटचं अक्षर आणि ध्रुपदाची उचल दहा वेळा म्हणावी. ध्रुपद कोणतं हे गाथेत ‘ध्रु.’ या खुणेवरून कळतं, बहुतेक वेळा ते दुसरं कडवं असतं.

लय वाढवायची ती अभंग रंगल्यावर, बुवांच्या खुणेने. शब्द कळेनासे झाले की लय जास्त झाली असं समजावं. सिनेमाच्या चालींचंही तेच: लोक चाल ओळखतात, आणि तुकोबा काय म्हणाले ते राहून जातं.

नव्या टाळकऱ्याने 8 मात्रांच्या भजनी ठेक्यात आधी पहिल्या आणि पाचव्या मात्रेवरच टाळ वाजवावा. टाळ तळव्यात आवळला तर खट्ट आवाज येतो. दोरी बोटांना गुंडाळून तो मोकळा लोंबू द्यावा.

पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक ऐनवेळी लावावी. ती पोळीच्या कणकेसारखी मळून पुरीसारखी थापायची. जास्त झाली की स्वर उतरतो आणि आवाज बसतो, कमी झाली की धूम पोकळ वाजते. कोरडी कणीक ऐन गजरात सुटून समोरच्याच्या अंगावर उडते, म्हणून शेजारी पाण्याची वाटी असावी. आरती झाली की प्रसाद वाटण्याआधी कणीक खरवडून काढावी. रात्रभर राहिली तर वाळते, कातडं ओढते, आणि वासाने उंदीर येऊन पुडी (तोंडावरचं कातडं) कुरतडतात.