यानावरील परग्रही ताबा: सुरक्षा-नियमावली लिहिताना या चुका टाळा

कल्पित अंतराळयानाची सुरक्षा-नियमावली लिहिताना बहुतेकांचे पहिले लक्ष शस्त्रागार, भक्कम दरवाजे आणि धोक्याची घंटा यांच्याकडे जाते. परग्रही सत्तेने एखाद्या सहकाऱ्याच्या शरीरमनाचा ताबा घेतला, की यांतले फारसे काही कामी येत नाही, कारण आता शत्रू आपल्याच माणसाच्या पायांनी चालत येतो आणि त्याच्याच अधिकाराने दार उघडून घेतो. म्हणून नियमावलीतील प्रत्येक कलम एकाच कसोटीवर घासून पाहावे: कोणतेही एक मन, मग ते कप्तानाचे का असेना, परक्याच्या हाती गेले तरी यान त्याच्या हाती जाता कामा नये.

ओळख पटली म्हणजे माणूस तोच, असे मानणे

ही सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. समजा, रात्रपाळीत दिशादर्शन अधिकारी इंजिनकक्षाच्या दाराशी येतो, तळवा पट्टीवर टेकवतो, बुबुळ तपासून घेतो आणि परवलीचा शब्द अचूक सांगतो. पहारेकऱ्याला शंका आली म्हणून तो एक जुनी खासगी आठवण विचारतो आणि तिचेही बिनचूक उत्तर मिळते. यातून काहीच सिद्ध झालेले नाही. ठसे, बुबुळ आणि आवाज शरीराचे आहेत आणि शरीर तर खरेच त्याचे आहे. ताबा घेणाऱ्याला स्मृती वाचता येत असतील, तर परवलीचा शब्द आणि बालपणीच्या आठवणीही त्याच्याच झाल्या.

उपाय असा, की निर्णायक अधिकार कोणा एकाच्या डोक्यात किंवा खिशात राहूच नये. गूढलेखनतज्ज्ञ आदी शमीर यांनी १९७९ मध्ये गुपिताच्या विभागणीची एक गणिती पद्धत मांडली. तिच्यात एका गुपिताचे, उदाहरणार्थ, पाच वाटे करता येतात. त्यांपैकी कोणतेही तीन एकत्र आले की गुपित उलगडते, पण दोन वाट्यांवरून त्याचा काहीही सुगावा लागत नाही. इंजिन, जीवनाधार यंत्रणा, शस्त्रे आणि यानाचा आत्मनाश या चार गोष्टी तरी अशाच बांधाव्यात. अमेरिकेच्या क्षेपणास्त्र-नियंत्रण कक्षांत डागणीच्या किल्ल्या फिरवण्याच्या जागा एकाच माणसाचे हात पोहोचणार नाहीत इतक्या दूर ठेवल्या गेल्या, त्यामागे हाच विचार होता. मात्र वाटे सांभाळणारे लोक एकाच पाळीतले, एकाच निवासखंडातले किंवा एकाच शोधमोहिमेवर जाणारे नसावेत, नाहीतर एका झपाट्यात तिघेही जातील आणि सारी रचना कागदावरच राहील.

मेंदूची तपासणी निर्दोष आली म्हणून निश्चिंत होणे

निसर्गातली उदाहरणे येथे फार उपयोगी आहेत. ऑफिओकॉर्डिसेप्स ही बुरशी मुंगीला वनस्पतीवर चढायला लावते आणि मरण्यापूर्वी तिचे जबडे पानाच्या शिरेवर घट्ट आवळवते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूक्ष्म अभ्यासात या बुरशीच्या पेशी मुंगीच्या स्नायूंभोवती जाळे करून आढळल्या, पण मेंदूत शिरलेल्या आढळल्या नाहीत. तेव्हा वैद्यकीय अधिकाऱ्याने स्नायू, रक्त आणि संप्रेरके यांचीही तपासणी करावी आणि प्रत्येक खलाशाच्या प्रस्थानापूर्वीच्या नोंदींशी ती ताडून पाहावी. टोक्सोप्लाझ्मा या सूक्ष्म परजीवीची लागण झालेल्या उंदराला मांजराच्या वासाची उपजत भीती वाटेनाशी होते, एरवी तो धडधाकट दिसतो; म्हणून एखादी नेहमीची भीती किंवा सावधगिरी अचानक नाहीशी झाली, तर तीही लक्षण म्हणून नोंदवावी.

प्रत्येक विचित्र वागण्याला ताबा ठरवणे

घाईने केलेला आरोप निरपराध माणसाला उद्ध्वस्त करतो आणि खऱ्या शत्रूला मोकळे रान देतो. म्हणून संशयाची पहिली नोंद होताच त्या खंडातली हवा तपासावी. ऑक्सिजन कमी पडला की माणसाला उगाच उत्साह वाटतो आणि त्याची निर्णयशक्ती ढासळते. कार्बन डायऑक्साइड साचला की डोके दुखते, सुस्ती येते, गोंधळ उडतो. तक्रार करणाऱ्याचीही तपासणी व्हायला हवी. आपला आप्त हा आप्त नसून त्याच्यासारखाच दिसणारा तोतया आहे, अशी पक्की खात्री वाटण्याचा विकार १९२३ मध्ये फ्रेंच मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ काप्ग्रा यांनी वर्णिला होता, आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

विलगीकरण उशिरा सुरू करणे

अपोलो ११ चे अंतराळवीर परतल्यावर त्यांना १० ऑगस्ट १९६९ पर्यंत विलग ठेवण्यात आले. व्यवस्था काटेकोर होती, तरी यानाचे दार समुद्रातच उघडून त्यांना विलगीकरणाचे पोशाख आत द्यावे लागले, म्हणजे चंद्रावरून खरोखर काही आले असते, तर ते त्याच क्षणी बाहेर पडले असते. कल्पित यानावरही कच्चा दुवा बहुधा हाच असतो: एअरलॉक (यानात ये-जा करण्याचे दुहेरी दारांचे हवाबंद दालन) आणि विलगीकरण कक्ष यांच्यामधली उघडी वाट. परतलेल्या तुकडीला एअरलॉकमधून थेट कमी दाबाच्या बंद कक्षात नेता आले पाहिजे, आणि त्या कक्षाचे कुलूप आतल्या कोणाच्याही आज्ञेने उघडता कामा नये, आत स्वतः कप्तान असला तरीही.

बाधित माणसाला शत्रू समजणे

तो रुग्ण आहे आणि ओलीसही. त्याच्यावर प्राणघातक शस्त्र चालवू नये. यजमान मेला की ताबा घेणारा दुसऱ्या शरीरात जाईल, ही शक्यता कथेत नेहमीच असते. त्याचा अधिकार काढावा, जीव किंवा सन्मान नव्हे.

तरीही अडचण आली तर

संशय सुरक्षाप्रमुखावरच असेल, तर त्याला न कळवता इतर खात्यांतील दोघांना मिळून त्याचे अधिकार गोठवता आले पाहिजेत. हे गोठवणे ठरावीक तासांनी आपोआप संपावे, म्हणजे शत्रूलाच या तरतुदीचा गैरफायदा घेऊन सारे अधिकारी एकेक करून बाजूला सारता येणार नाहीत. वैद्यकीय अधिकारी बाधित झाल्याची शंका असेल, तर त्याने आधी दिलेले सर्व निर्दोष दाखले पुन्हा तपासावेत. यानाच्या नोंदी मागाहून बदलल्या गेल्याचे दिसले, तर ज्या नोंदवहीत फक्त भर घालता येते आणि काही पुसता येत नाही, अशी वेगळी प्रत प्रमाण मानावी.

ताबा सुटल्यावर त्या व्यक्तीला लगेच कामावर घेऊ नये, तसेच तिच्या हातून त्या काळात घडलेल्या कृत्यांचा दोष तिच्या सेवापत्रात लिहू नये. तिला ठाऊक असलेला गुपिताचा वाटा आता परक्यालाही ठाऊक आहे, असेच धरून चालावे: पाचही वाटे रद्द करावेत, मूळ गुपित बदलावे आणि नवे वाटे दोन साक्षीदारांसमोर दिल्यानंतरच तिला पुन्हा कामावर घ्यावे.