अमेरिकेतल्या भावासोबत तिकडच्या राजकारणावर मोकळं कसं बोलावं

परभणीत आमच्या घरी रविवारी रात्री आठला डॅलसचा फोन लागतो. मोबाईल पितळी तांब्याला टेकवून ठेवायचा, समोर आई, मी, आबा काका, अन् तिकडं मावसभाऊ कॉफीचा मग घेऊन. पहिली दहा मिनिटं जेवलास का, थंडी हाय का, पोरगी काय करतीय. मग आबा काका घसा खाकरणार अन् म्हणणार, "काय रे, तुमचा ट्रम्पतात्या काय म्हणायलाय?" पूर्वी यानंतर पाच मिनिटात "चला ठेवतो, काम आहे" व्हायचं, आता तासभर चालतं. मधे बऱ्याच चुका केल्या, त्यातून जे जमलं ते लिहितो, ज्यांचं कोणी तिकडं आहे त्यांच्या कामी येईल.

सगळ्यात आधी समोरच्याकडं कागद कोणता आहे ते माहीत करून घ्या. एच-वन-बी (नोकरीपुरता व्हिसा), ग्रीन कार्ड (तिकडं कायम राहायचा परवाना) का सिटीझन (नागरिक). तिकडच्या राष्ट्रीय निवडणुकीत मत फक्त सिटीझनला. आमचा भाऊ १४ वर्षं तिकडं, टॅक्स भरतो, घर घेतलं, पोरगी तिथं जन्मली म्हणून ती सिटीझन, अन् हा अजून व्हिसावर, कारण नोकरीवाल्या ग्रीन कार्डात एका देशाला साधारण ७ टक्क्यांच्या वर वाटा नाही, त्यामुळं भारतवाल्यांची लाईन संपता संपत नाही. अन् मी २०२४ च्या निकालादिवशी त्याला काय विचारावं, तर "कुणाला टाकलं बे मत?" तो म्हणला, "दादा, मला मतच नाही." पुढं काय बोलावं सुचलंच नाही मला.

दुसरं म्हणजे हे बोलणं ग्रुपवर करूच नका. माझी मोठी चूक हीच. मागं एकदा घरच्या ग्रुपवर ट्रम्पचं एक कार्टून आलं, मी ते फॉरवर्ड केलं अन् वर भावाला टॅग करून लिहिलं, "बघ रे तुझा मालक". दुसऱ्या दिवशी भाऊ ग्रुपमधून गायब. मावशीचा फोन आला, "काय गरज होती तुला?" मला वाटलं चिडला असेल, पण चिडला नव्हता, घाबरला होता. जून २०२५ पासून तिकडं स्टुडंट व्हिसा मागणाऱ्यांना सोशल मीडिया पब्लिक ठेवायला सांगितलंय, अन् १५ डिसेंबर २०२५ पासून तेच एच-वन-बीवाल्यांना अन् त्यांच्या घरच्यांनाही लागू झालंय. घरचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काही पब्लिक प्रोफाईल नाही हे त्यालाही कळतं, पण ज्याला स्टॅम्पिंगला (पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का घ्यायला) जायचंय तो एवढा हिशोब करत बसत नाही, सरळ गप बसतो. ग्रुपवर गप असला म्हणून त्याला स्वतःचं काही म्हणणं नाही किंवा शिष्ट झालाय असं समजू नका. फोन लावा.

तिसरी गोष्ट आबा काकांची आहे. त्यांनी पहिल्याच दिवशी वाटणी करून टाकली होती, रिपब्लिकन (ट्रम्पचा पक्ष) म्हणजे आपले हे अन् डेमोक्रॅट (समोरचा पक्ष) म्हणजे आपले ते. ते बसत नाही हो. आपल्याकडं लाल म्हणलं की कम्युनिस्ट, तिकडं लाल म्हणजे रिपब्लिकन, इथूनच गोंधळ सुरू. आपल्याकडं तिकीट म्हणजे शेवटच्या दिवशी वरून एबी फॉर्म येणार, अन् तो कुणाच्या खिशातून निघंल ते भगवंताला ठाऊक. तिकडं बहुतेक ठिकाणी उमेदवार कोण हेच आधी मतदार ठरवतात, त्याला प्रायमरी म्हणतात. पक्षांतरबंदीचा कायदा पण तिकडं नाही, खासदार स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत देऊन निवांत घरी जाऊ शकतो (पुढच्या प्रायमरीत मतदार त्याचा हिशोब करतात ते वेगळं). बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ ला मिशिगनमधून डेमोक्रॅट म्हणून निवडून आले, हे सांगितल्यावर काकांनी "मराठी माणूस!" म्हणून मांडीवर थाप मारली अन् दोन मिनिटं त्यांचे सगळे हिशोब विस्कटले.

मोजणी मात्र एकदा समजून घ्याच, नाहीतर पुढचं सगळं बोलणं हवेत. राष्ट्राध्यक्ष देशातली एकूण मतं मोजून ठरत नाही. राज्यांना मिळून ५३८ इलेक्टर (राष्ट्राध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी) असतात, २७० झाले की जिंकलं. म्हणून २०१६ ला हिलरी क्लिंटनला २८ लाखांवर मतं जास्त पडूनही ट्रम्प आला. २०२४ ला मात्र त्याला एकूण मतंही जास्त होती, ३१२ इलेक्टर होते, त्यामुळं "तो मागच्या दारानं आला" हे २०२४ बद्दल म्हणू नका, भाऊ लगेच पकडतो. सिनेटमध्ये (तिकडच्या संसदेचं वरचं सभागृह) तर राज्य केवढंही असो, खासदार दोनच. वायोमिंग राज्याची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास, म्हणजे २०११ च्या जनगणनेतलं आपलं नांदेड शहर धरा, अन् पावणेचार कोटींच्या वरच्या कॅलिफोर्नियालाही दोनच. काका म्हणले मग आपल्या नांदेडलाच दोन सिनेटर द्या की.

त्यांना सगळ्यात आवडलं ते मंगळवारचं. तिकडं मतदान नोव्हेंबरात मंगळवारीच असतं, १८४५ चा कायदा आहे. कारण काय सांगतात, तर तेव्हा बहुतेक लोक शेतकरी, नोव्हेंबरपर्यंत सुगी उरकलेली, रविवारी चर्च, मतदानाच्या गावाला घोडागाडीनं जायला एक दिवस, अन् बुधवारी बाजार. काका एकदम खूश, "म्हणजे बाजाराचा दिवस सोडून ठेवला, हे बरोबर केलं त्यायनी!" तेव्हापासून त्यांना अमेरिका जरा जवळची वाटायलीय.

आता खरं काम. ट्रम्प चांगला का वाईट हे विचारूच नका, त्याच्या घरात काय चाललंय ते विचारा, राजकारण आपोआप निघतं. मी एकदा सहज म्हणलं, दवाखान्याचं कसं करता रे तुम्ही? भाऊ पाऊण तास बोलला. विमा नोकरीतून, दर महिन्याला पगारातून कापतात, तरी वर्षात ठराविक रक्कम आधी स्वतःच्या खिशातून जाऊ द्यायची, तिला डिडक्टिबल म्हणतात, त्यानंतर विमा कंपनी हात लावणार. आपल्याकडं महात्मा फुले योजनेत कागदासाठी चकरा मारणारा माणूस अन् तिकडं लाखाच्या पगारावर बिल उघडायला भिणारा माणूस, दोघं एकमेकांना बरोबर समजतात. अन् नोकरी गेली तर? एच-वन-बीवर साधारण ६० दिवसात दुसरी शोधायची, नाहीतर दुसरा व्हिसा बघा किंवा गाशा गुंडाळा. म्हणजे ले-ऑफ झाला की पगार, विमा अन् देश तिन्ही एकदम धोक्यात. हे कळल्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जाला एक लाख डॉलर फी लावली तेव्हा तो का झोपला नाही ते मला कळलं, जरी त्याला स्वतःला ती लागू नव्हती.

बंदुकीवर तर आम्ही वाद घातलाच नाही. पोरगी पहिलीत आहे, तिनंच मधे तोंड घालून सांगितलं की शाळेत लाईट बंद करून कोपऱ्यात गप बसायची प्रॅक्टिस असते, "बॅड मॅन आला तर". आई म्हणली, आपल्याकडं भूकंपाची करतात तशी का? किल्लारीचं आठवलं असेल तिला. भाऊ नुसता मान हलवत राहिला. बंदुकीचा हक्क तिकडं १७९१ पासून घटनेत आहे हे मी वाचून ठेवलं होतं, ते बोलायची हिंमत झाली नाही.

आपलं दुखणं पण सांगा, नाहीतर ती नुसती चौकशी होते. २७ ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेत जाणाऱ्या भारताच्या मालावर ५० टक्के टॅरिफ (आयात कर) लागला, त्याच्या थोडं आधी इकडं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, कापड गिरण्यांना दिलासा म्हणून, आधी सप्टेंबरपर्यंत, मग डिसेंबरपर्यंत. म्हणजे ऐन वेचणीत बाहेरच्या कापसाला दार उघडं. वरून त्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला तो सांगायलाच नको, काकांच्या शेतात बोंडं जागेवर काळी पडली. भावाला यातलं काहीच माहीत नव्हतं. उलट त्यानं सांगितलं की चीननं सोयाबीन घेणं थांबवल्यानं त्याच वर्षी तिकडचा सोयाबीनवाला पण अडकला होता. काका थोडा वेळ गप, मग म्हणले, "त्याला भाव काय मिळाला ते विचार की." इथं सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ होता, मिळाला किती ते लातूरच्या मोंढ्यात जाऊन विचारा.

सगळ्यात अवघड विषय जात. भाऊ म्हणायचा, इकडं जात-बीत काही नसतं दादा. मी भांडलो नाही, म्हणलं तुमच्या गणपतीला नवीन माणूस आला की पहिलं काय विचारतात? तो हसला, "आडनाव." मग बोलणं उघडलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहरानं जातिभेदावर बंदी घातली, तो ठराव आणणाऱ्या क्षमा सावंत मूळच्या पुण्याच्या, अन् त्याच वर्षी कॅलिफोर्नियाचं तसंच बिल गव्हर्नरनं व्हेटो केलं, म्हणजे सही न करता अडवलं. ज्यांनी विरोध केला ते पण आपलेच लोक होते अन् ज्यांनी मागणी केली ते पण. अन् हे काही आजचं नाही, १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा नावच तिकडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतलं होतं. नामांतराच्या काळात घरात काय बोललं जायचं हे भावाला आईनं त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. त्यातलं सगळं इथं लिहित नाही.

जमलं नाही की विषय सोडा, तिसऱ्यांदा तेच विचारू नका. गर्भपातावर वहिनी स्क्रीनवर आली, टेक्सासमध्ये आता जवळपास पूर्ण बंदी आहे एवढं म्हणली अन् उठून गेली. नंतर एकटीनं आईला फोन केला, तो कशाबद्दल होता मी विचारलं नाही.

अन् वेळेचं बघा. डॅलसला मार्च ते नोव्हेंबर साडेदहा तासांचा फरक, बाकी साडेअकरा. पुढची मिडटर्म (राष्ट्राध्यक्षाच्या मुदतीच्या मधे होणारी संसदेची निवडणूक) ३ नोव्हेंबर २०२६ ला आहे अन् त्याच्या दोनच दिवस आधी, रविवारी, तिकडं घड्याळ मागं जातंय. आठला लावला तर तिकडं सकाळचे साडेआठच, सुट्टीच्या दिवशी अर्धवट झोपेतला माणूस हो-हो म्हणून मोकळा होतो. नऊला लावा.