सायकल संस्थेच्या विश्वस्त मंडळावर सभासदांचे प्रतिनिधी कसे निवडावेत

सायकलसाठी काम करणाऱ्या अनेक धर्मादाय संस्थांची सुरुवात क्लब म्हणून झालेली असते. ब्रिटनमधली 'सायकलिंग यूके' १८७८ साली अशीच सुरू झाली. काम वाढतं, पगारी माणसं येतात, देणग्या येतात आणि ज्यांच्या वर्गणीवर संस्था उभी राहिली ते सभासद निर्णयांपासून लांब पडू लागतात. मंडळावर त्यांनी निवडलेली माणसं हवीत ती यासाठी.

१. आधी संस्थेची घटना, म्हणजे तिची लेखी नियमावली, काढून वाचा. जागा किती, मुदत किती, सलग किती वेळा उभं राहता येतं, कुटुंब-सभासदत्वाला एक मत की प्रत्येकाला वेगळं? जे लिहिलेलं नसेल ते निवडणूक जाहीर करण्याआधी सर्वसाधारण सभेत ठरवून घ्या. उमेदवारांची नावं कळल्यावर केलेला नियम कितीही चांगला असला तरी तो कुणाच्या तरी सोयीचाच वाटतो. सगळ्या जागा एकाच वर्षी रिकाम्या होऊ देऊ नका. दरवर्षी काही जागांची निवडणूक घेतली की मंडळात जाणती माणसं कायम राहतात.

२. निवडणूक निर्णय अधिकारी नेमा. तो उमेदवार नसावा आणि विद्यमान विश्वस्तही नसावा.

३. मतदार यादी पक्की करा. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, कारण भांडणं बहुतेक इथूनच सुरू होतात. कोणत्या तारखेपर्यंत वर्गणी भरलेल्यांना मत आहे, ते आधीच जाहीर करा. एखाद्याची वर्गणी त्या तारखेच्या दोन दिवस आधी संपली आणि नंतर त्याने ती भरली, तर त्याला मत द्यायचं की नाही? उत्तर लेखी असू द्या. प्रत्येकाला आपलं नाव तपासायला आणि हरकत घ्यायला मुदत द्या, पण पत्ते आणि फोन नंबर इतरांना दिसता कामा नयेत.

४. अर्ज मागवा. सूचक, अनुमोदक आणि उमेदवाराची लेखी संमती घ्या. हितसंबंध अर्जातच विचारा: संस्था ज्या दुकानातून सायकली घेते ते उमेदवाराचं असेल, तर मतदारांना ते आधी कळायला हवं. निवेदनाची शब्दमर्यादा सगळ्यांना सारखी ठेवा.

अर्जासोबत एक गोष्ट ठळक छापा. सभासदांनी निवडून दिलेला विश्वस्तही आपल्या गटाचा वकील नसतो. समजा, लांब पल्ल्याच्या राइड काढणाऱ्यांनी त्याला निवडून दिलं आणि मंडळापुढे निधी वाटपाचा विषय आला: राइडसाठी द्यायचा, की अपंगांच्या सायकल प्रशिक्षणासाठी? त्याने संस्थेच्या उद्दिष्टांना धरूनच मत द्यायचं. हे आधी सांगितलं नाही, तर निवडून आलेला माणूस आणि त्याचे मतदार, दोघांचीही निराशा होते.

५. मतदान गुप्त घ्या. मतपत्रिकेवर वरच्या नावांना थोडा फायदा मिळतो, म्हणून नावांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. जागा एकाहून जास्त असतील तर पसंतीक्रमाची पद्धत चांगली. आयर्लंड आणि माल्टाच्या संसदीय निवडणुका याच पद्धतीने होतात. मतदार १, २, ३ असे आकडे लिहितो. समजा, जागा २ आणि वैध मतं ३००. मतांना जागांपेक्षा एकाने मोठ्या आकड्याने, म्हणजे ३ ने भागा आणि १ मिळवा: कोटा, म्हणजे निवडून यायला पुरेशी मतं, १०१. तिघांना प्रत्येकी १०१ मिळायला ३०३ मतं लागतील, म्हणून दोघांपेक्षा जास्त जण कोटा गाठूच शकत नाहीत. विजेत्याची कोट्याहून जादा मतं आणि सगळ्यात कमी मतं मिळून बाद झालेल्या उमेदवारांची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. त्यामुळे एकाच मोठ्या गटाला सगळ्या जागा खिशात घालणं अवघड होतं.

६. मोजणी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर करा. समसमान मतं पडली तर काय करायचं, हे आधीच ठरलेलं असावं. निकालात प्रत्येक फेरीचे आकडे आणि अवैध मतंही द्या. हरकतीची मुदत संपेपर्यंत मतपत्रिका मोहरबंद ठेवा.

नव्या विश्वस्तांना पहिल्या बैठकीच्या पुरेसं आधी घटना, मागची इतिवृत्तं आणि लेखापरीक्षित हिशेब द्या, आणि ताळेबंद समजावून सांगायला खजिनदाराला त्यांच्याबरोबर बसवा.